म्हाताऱ्याच्या घड्याखालचं पाणी

मागच्या महिन्यात तुमच्या सदरात एका वाचकाने पत्र लिहून कळवलं, की असे अनुभव ज्यांना येतात त्यांच्या मनाची आधीपासूनच तशी तयारी झालेली असते. ते वाचून माझं डोकं फिरलं. माझी कसली तयारी होती? मी आयटीआयमधून रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड केलेला नागपूरचा माणूस. आमचं घर बौद्ध. घरात देव्हारा नाही, लिंबू-मिरची नाही, अमावास्या-पौर्णिमेला घाबरणं नाही. लहानपणी आमच्या वस्तीत एका बाईला 'लागलं' म्हणून गर्दी जमली, तेव्हा माझ्या वडिलांनी सगळ्यांना हाकलून तिला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिला कावीळ निघाली. अशा घरात वाढलेल्या माणसावर या सदरात लिहायची वेळ यावी, याचाच मला राग आहे. तरी लिहितोय, कारण जे झालं त्यात माझं नाव खराब झालं आणि ते आजपर्यंत कुणी साफ केलेलं नाही.

गोष्ट १९९५ सालची, बहारीनची. आखातात इतर ठिकाणी काही वर्षं काढून त्याआधीची दोन वर्षं मी तिथल्याच सित्र्याला होतो — कंपनीचा कॅम्प, कंपनीची बस, एका खोलीत सहा जण. मग झल्लाकला समुद्रकाठी एक नवीन हॉटेल होत होतं, तिथे एसीची जागा निघाली. हॉटेलचं नाव सांगत नाही. ती जागा मी एकाच कारणासाठी धरली. सुपरवायझर ग्रेड होता, म्हणजे फॅमिली व्हिसा मिळू शकत होता. बायको वंदना आणि मुलगी प्रज्ञा नागपुरात होत्या. प्रज्ञा तिसरीत होती, आणि तिच्या जन्मापासून मी तिला सगळे मिळून पाच-सहा महिने पाहिलं असेल. हॉटेलचा जनरल मॅनेजर, सगळे त्याला जीएमच म्हणायचे, गोरा माणूस होता. त्याने मला शब्द दिला होता की हॉटेल सुरू झालं की तो फॅमिली व्हिसाच्या पत्रावर सही करेल. मी रिफा गावात दोन खोल्या बघून ठेवल्या. वंदनाने पासपोर्ट काढले. प्रज्ञाने तिची सायकल मामाच्या मुलीला देऊन टाकली, कारण तिला आता बहारीनमध्ये नवी मिळणार होती.

आता त्या चित्राबद्दल. हॉटेलच्या मालकाने युरोपातून लॉबीसाठी एक भलंमोठं ऑइल पेंटिंग आणलं होतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या शैलीतलं, कुणीतरी नंतर केलेलं. मला चित्रातलं काही कळत नाही, पण आमच्या फायनान्समधले देशपांडे, पुण्याचे, त्यांनी बरोबर आलेली पुस्तिका वाचून मला समजावलं होतं. याला बरोक म्हणतात. ग्रीक-रोमन लोकांच्या जुन्या देवांच्या कथा घ्यायच्या, आणि त्यातला प्रत्येक माणूस म्हणजे कशाचं तरी रूप. डोक्यावर किल्ल्यासारखा मुकुट घातलेली बाई म्हणजे पृथ्वी. हातात त्रिशूळ घेतलेला दाढीवाला म्हणजे समुद्र. वर ढगांत तुतारी वाजवणारी पंखवाली म्हणजे कीर्ती. मागे सगळा गच्च काळोख, आणि उजेड एका बाजूने अंगावर सांडलेला. कुणीही सरळ उभं नाही, सगळे पिळवटलेले, एकमेकांवर कललेले. पृथ्वीबाईच्या अंगावर मुळात कपडा नव्हता. तो उद्घाटनाआधी एका माणसाकडून वरून रंगवून घेतला गेला — ओढणीसारखा एक निळा पट्टा, जो बाकी चित्रापेक्षा इतका ताजा होता की लांबूनही ओळखू यायचा.

आणि डावीकडे खाली एक म्हातारा आडवा पडलेला होता. दाढी ओली, डोक्यात गवत-पाती खोचलेली, कोपराखाली एक मोठा मातीचा घडा कलंडलेला. हा म्हणजे नदी. त्या घड्यातून पाणी वाहत खाली दगडांवरून एका शिंपल्यात पडत होतं.

पडत होतं म्हणतो, कारण नंतर ते पडत राहिलं नाही. चित्र भिंतीच्या जागेपेक्षा दीड वीत उंच निघालं. वर फॉल्स सीलिंग, खाली हवा परत ओढून घेणारी एसीची लांब ग्रिल. ती ग्रिल माझी. मी जीएमला म्हणालो, दोन दिवस द्या, ग्रिल खाली सरकवतो, हे काही अवघड काम नाही. त्याने घड्याळाकडे बघितलं आणि सुताराला बोलावलं. सुताराने फ्रेम उतरवली, कॅनव्हासची खालची दीड वीत मागे दुमडली, खिळे ठोकले आणि फ्रेम परत लावली. अर्ध्या तासात काम झालं. पण म्हाताऱ्याचं सगळं पाणी, दगड, शिंपला मागे गेला. राहिलं ते घड्याचं तोंड आणि त्यातून निघालेलं बोटभर पाणी, जे थेट फ्रेमला जाऊन थांबत होतं. मला तेव्हाच ते बरं वाटलं नव्हतं. यात भूतखेताचा काही संबंध नाही, कुणीही अर्धवट काम केलं की मला राग येतो.

उद्घाटन होऊन तीन आठवडे झाले आणि एका दुपारी रिसेप्शनवरून फोन आला की लॉबीच्या भिंतीतून पाणी गळतंय. मी वर गेलो. घड्याच्या बरोबर खाली, फ्रेमच्या कडेपासून, भिंतीवरून एक ओली रेघ संगमरवरी फरशीपर्यंत आली होती. फरशीवर तांब्याभर पाणी. पुसलं. पंधरा-वीस मिनिटांत रेघ आपोआप सुकली. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत... वेळ तीच, दुपारी तीनच्या सुमारास, लॉबी रिकामी आणि बाहेर ऊन अंगाला चावणारं.

आखातात कुठेही पाण्याचा थेंब दिसला की दोषी कोण, तर एसीवाला. मी ते बारा वर्षं ऐकलंय. आणि दहातल्या नऊ वेळा लोकांचं बरोबरही असतं, म्हणून मी आधी स्वतःलाच दोषी धरून चाललो. फॉल्स सीलिंग उघडलं. थंड हवा वाहून नेणाऱ्या डक्टभोवती वर्तमानपत्र गुंडाळलं, कारण डक्टला घाम आला की शाई पसरते आणि जागा सापडते. चार दिवसांनी काढलं तर कागद कडक कोरडा, बातम्या वाचता येत होत्या. ड्रेन ट्रे पाहिला, पाइप पाहिला, त्यात रंगीत पाणी ओतून पाहिलं. भिंतीच्या पलीकडे चादरी-टॉवेलची खोली होती, तिथल्या भिंतीला हात लावला तर टॉवेलइतकीच कोरडी. त्या भिंतीत पाण्याची लाइन नव्हती. ड्रॉइंग माझ्याकडे होतं, आणि ड्रॉइंगवर भरवसा नको म्हणून मी ठोकूनही पाहिली.

मग मी पाणी तपासलं. प्लांट रूममध्ये पाण्यातले क्षार मोजायचा मीटर होता. एसीत साठणारं घामाचं पाणी जवळपास निर्मळ असतं, मीटर हलत नाही. एसीच्या पाइपांत फिरणाऱ्या पाण्यात आम्ही औषध टाकायचो, ते गुलाबी दिसतं. नळाचं पाणी त्या काळी इतकं खारट की चहा फाटायचा. भिंतीवरचं पाणी या तिन्हीपैकी कशातच बसेना. गुलाबी नाही, निर्मळ नाही, खारट नाही. मीटर मधेच कुठेतरी थांबायचा. मी तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं. तिन्ही वेळा तेच.

बागेत अबू खलील म्हणून एक म्हातारा काम करायचा, झल्लाकचाच बहारीनी माणूस. हॉटेल व्हायच्या आधी तिथे खजुराची बाग होती, तिथेही तोच होता. मी बाटलीत पाणी घेऊन चाललो होतो, त्याने हात पुढे केला. मी म्हटलं, पिऊ नको, तपासायचं आहे. तोवर त्याने घोट घेतला होता. त्याने तोंडात पाणी धरून ठेवलं आणि मग म्हणाला, "हादा माय ऐन. चश्मे का पानी है. मैं बच्चा था तब पीता था."

"किधर था चश्मा?" मी विचारलं. चश्मा म्हणजे त्याच्या बोलण्यात झरा.

"इधर. सब इधर." त्याने हॉटेलभर हात फिरवला. "पंप लगाया, बिल्डिंग बनाया, पानी नीचे गया. खलास."

"जमीन के नीचे था ना? ये तो दीवार में ऊपर से आता है."

त्याने माझ्याबरोबर लॉबीत येऊन चित्राकडे बराच वेळ पाहिलं. त्याला चित्रं आवडत नसत, तो कधी तिकडे बघायचा नाही. घड्याच्या तोंडाशी बोट नेऊन, न टेकवता, तो म्हणाला, "इसका रास्ता बंद किया तुम लोग."

मी त्यावर विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही. पण एक लक्षात घ्या. माझ्या धंद्यात एखादी शंका मूर्खपणाची वाटली तरी ती तपासून बाद करायची असते. तपासणं सोपं होतं. फ्रेम उतरवायची, दुमडलेली पट्टी सोडवायची, ग्रिल खाली घ्यायची आणि चार दिवस बघायचं. मी जीएमला हे सांगायला गेलो. तो म्हणाला, "मिस्टर मेश्राम, मी माळ्याच्या सांगण्यावरून पेंटिंग उतरवणार नाही. पाणी एसीचं आहे. दुसरी पॉसिबिलिटीच नाही."

मी म्हणालो, "मग एसी बंद करून दाखवतो."

त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी ते हो धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लॉबीत थंड हवा सोडणारा एअर हँडलिंग युनिट बंद केला, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, त्याला माझं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. दुपारपर्यंत लॉबी भट्टी झाली. पाहुणे रिसेप्शनवर ओरडत होते. देशपांडे टाय सैल करून माझ्या शेजारी उभे राहिले. डक्टला हात लावला तर गरम. भिंत गरम. ग्रिल गरम. तीन वाजून काही मिनिटं झाली, आणि फ्रेमच्या खालून, घड्याच्या तोंडाखालून, पाणी आलं.

मी हात लावला. थंड होतं. त्या उकाड्यात, आठ तास बंद असलेल्या एसीच्या भिंतीवर, विहिरीतून आत्ता काढल्यासारखं थंड. माझ्या हातावर शहारा आला. ते कबूल करायला मला लाज वाटत नाही. पण भीतीपेक्षा मला त्या क्षणी आनंद झाला होता, कारण माझा एसी निर्दोष ठरला होता. मी देशपांड्यांना म्हणालो, "पाहिलंत ना?" ते म्हणाले, "पाहिलं."

आता खरी गोष्ट सुरू होते. तोवर चित्राच्या खालच्या कोपऱ्याला बुरशी धरली होती आणि म्हाताऱ्याच्या पायाचा रंग सुटायला लागला होता. मालक आठवड्याभरात परत येणार होता. जीएमने मला बोलावून लॉबी तापवल्याबद्दल झापलं, आणि मग एक फॉर्म पुढे सरकवला. इन्सिडेंट रिपोर्ट. तारीख, जागा, नुकसान हे टाइप केलेलं होतं. 'कारण' या रकान्यातही टाइप केलेलं होतं — एसी डक्टमधून गळती, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. खाली फक्त माझी सही बाकी होती. आणि त्या फॉर्मशेजारी, मला दिसेल असं, माझं फॅमिली व्हिसाचं पत्र ठेवलं होतं. तेही टाइप केलेलं. तिथे त्याची सही बाकी होती.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. बाहेर देशपांडे भेटले. त्यांना सगळं माहीत होतं, पत्र त्यांच्याच सेक्शनमध्ये टाइप झालं होतं.

"अहो मेश्राम, सही करून मोकळे व्हा," ते म्हणाले. "एक वॉर्निंग लेटर मिळेल, फार तर. कुटुंब येतंय ना तुमचं?"

"तुम्ही स्वतः पाहिलंत, एसी बंद होता."

"पाहिलं हो. पण लिहिणार काय? तुम्ही लोक तर अंधश्रद्धा मानत नाही ना? मग एसी नाही तर काय म्हणायचं, भूत?"

त्या 'तुम्ही लोक'मध्ये काय काय होतं ते मला कळलं, त्यांनाही कळलं असणार. पण त्यापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचा संताप आला. वडिलांनी मला शिकवलं ते हे, की जे माहीत नाही त्याला भूत म्हणून मोकळं व्हायचं नाही. आणि हा माणूस मला सांगत होता की मग एसी म्हणून मोकळे व्हा. मी म्हणालो, "देशपांडे, एसी नाही एवढं मला माहीत आहे. काय आहे ते माहीत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." त्यांनी खांदे उडवले. माणूस वाईट नव्हता, मला चार वेळा त्यांच्या घरी जेवायला बोलावलं होतं. त्यामुळे जास्तच लागलं.

शुक्रवारी फोन कार्ड घेऊन मी नागपूरला लावला. शेजाऱ्यांकडे फोन होता, वंदना धावत आली. मी सगळं सांगितलं — पाणी, फॉर्म, पत्र. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "प्रज्ञाचा शाळेचा दाखला मी परवाच काढला."



"तुमच्यानं झालं का ते?" तिनेच पुढे विचारलं.

"नाही."

"मंग काऊन लिहता झालं म्हणून?"

"तुम्ही दोघी याव्या म्हणून."

लाइनवर खरखर होती. मग ती म्हणाली, "मले नका विचारू. मले विचारसान तर मी हो म्हणन, सही करा म्हणन. मी कटाळली आता एकटीनं. पण सही तुमची ऱ्हाईन, आन् जन्मभर तुमालेच वाचा लागन." आणि तिने प्रज्ञाला फोन दिला. प्रज्ञाने विचारलं की तिकडे शाळेचा ड्रेस कोणत्या रंगाचा असतो.

रविवारी मी जीएमकडे गेलो. टाइप केलेला फॉर्म बाजूला ठेवून कोरा मागितला. तारीख, जागा, नुकसान लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, माहीत नाही. खाली मी काय काय तपासलं ते सगळं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की कॅनव्हासची दुमडलेली पट्टी सोडवून एकदा पाहावं. सही केली. जीएमने तो वाचला, फाडला नाही, उलट नीट फाइलमध्ये लावला. मग माझं पत्र उचललं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्याचा आवाजही चढला नाही. "यू आर अ व्हेरी स्टबर्न मॅन," एवढंच म्हणाला.

चित्र उतरवून दुरुस्तीला गेलं, त्या जागी समुद्राचा फोटो लागला. मला कुणी पट्टी सोडवून पाहू दिली नाही. कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा ते वाढवलं नाही. पुढे बहारीनमध्येच हिद्दच्या एका कंपनीत मी अर्ज केला तर तिथल्या साहेबाने हॉटेलला फोन केला आणि मला सांगितलं, तुझ्या निष्काळजीपणामुळे मोठं पेंटिंग खराब झालं असं ते म्हणतात. म्हणजे मी सही केली नाही तरी त्यांनी तेच सांगितलं. फॅमिली व्हिसा गेला आणि नावही गेलं. यावर रागवायचं नाही तर कशावर रागवायचं?

परत येताना बॅगेत एक बाटली होती, भिंतीवरून गोळा केलेल्या पाण्याची. नागपुरात एका ओळखीच्या केमिस्टकडून तपासून घेतलं. त्याच्या कागदावर माझ्या कामाचा एकच शब्द होता — पिण्यायोग्य. तेवढ्याने कुणाचं समाधान होत असेल तर होवो, माझं झालं नाही. लोक म्हणतात विज्ञानाला याचं उत्तर सापडत नाही. सापडत नाही कसं? कुणी शोधूच दिलं नाही. चार खिळे काढायचे होते.

उरलेलं पाणी बाटलीत तसंच होतं. एका दुपारी प्रज्ञाने विचारलं की हे काय आहे. ती परत जुन्याच शाळेत जात होती, एक वर्गमैत्रीण सोडून सगळ्यांनी तिला 'बहारीन' म्हणून चिडवून झालं होतं. मी तिला खरं सांगितलं, जेवढं नऊ वर्षांच्या मुलीला सांगता येईल तेवढं.

"म्हणजे याच्यासाठी आपण नाही गेलो?" तिने बाटली उजेडात धरून विचारलं.

"हो."

"मग हे पाणी कुठून येत होतं?"

"माहीत नाही, बेटा."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला जीएमसमोर बसणं सोपं वाटलं. "माहीत नाही?" ती म्हणाली. "तुम्हाला माहीतच नाही, आणि आम्ही इथे राहिलो?" बाटली माझ्यासमोर ठेवून ती बाहेर निघून गेली. तिला समजवायला मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो, कारण या सगळ्यात रागवायचा हक्क सर्वांत जास्त तिचा होता.